सुनंदाचा डावा हात

फरीदाभाभींचा पहिला फोन आला तेव्हा मी संगमेश्वरला नात्यातल्या एका मुलीच्या साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो. "काका, लवकर निघा. काकींना बरं वाटत नाहीये." भाभी आमच्या शेजारी राहतात, घरीच ब्लाउज शिवायची कामं घेतात. मी गावाला गेलो की त्या माझ्या बायकोजवळ, सुनंदाजवळ, येऊन बसायच्या. मी पानावरून तसाच उठलो आणि सुनंदाच्या भावाच्या, अनंताच्या गाडीत बसून रत्नागिरीची वाट धरली. हमरस्त्याचं काम चाललेलं, गाडी पाच मिनिटं चालायची नि दहा मिनिटं थांबायची. अर्ध्या वाटेत भाभींचा पुन्हा फोन आला. "काका, कुठवर आलात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सावकाश या. आता घाई करू नका."

त्या 'सावकाश'वरून मला कळलं. अनंता हॉर्न वाजवत, दोन ट्रकांच्या मधून वाट काढत बहिणीसाठी गाडी दामटत होता. त्याला कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, "राहू दे अनंता, हळू चल." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

मला साखरपुड्याला तिनंच धाडलं होतं. "तुमी जा. दोघांतल्या एकानं तरी तोंड दाखवायला हवां. मी बसते भाभीसंगती." दुपारी ती पडवीत आपल्या खुर्चीत बसली होती. भाभींकडे पाणी मागितलं. त्या पेला घेऊन बाहेर आल्या, तर मान एका बाजूला कललेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणी काही करू शकलं नसतं. त्यांनी धीर द्यायला सांगितलं असेल. पण मी तिथं नव्हतो, हे काही त्यानं बदलत नाही.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आले आणि गेले. आमची मुलगी शिल्पा मुंबईहून येऊन राहिली होती, तीच म्हणाली, "बाबा, आईबद्दल लिहा. तुम्ही बोलत तर नाहीच." मी आयुष्यभर तंत्रशाळेत पोरांना फिटरचं काम शिकवलं. कानस कशी धरायची, मापं कशी घ्यायची हे मला सांगता येतं. बायकोबद्दल कसं लिहितात ते ठाऊक नाही. तेव्हा जे झालं ते झालं तसं सांगतो.

सुनंदा गोधड्या शिवायची. माझ्या आईकडून शिकली असं लोक समजत, पण ती माहेराहूनच शिकून आली होती. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी कडा टाचून घ्यायच्या आणि मग कडेपासून आत आत, तांदळाच्या दाण्याएवढे धावते टाके घालत जायचं. आमच्या वाडीत मूल जन्मलं की तिच्या हातचं दुपटं त्या घरी जायचंच. पुढं मुंबईला गेलेली माणसं आपल्या वारलेल्या आईच्या साड्या पिशवीत भरून तिच्याकडे आणून देऊ लागली. ती त्या साड्या आधी धुवायची, उन्हात घालायची, आणि कापायच्या अगोदर एकेक साडी मांडीवर घेऊन नुसती बसायची. मी विचारलं, "काय बघतेस?" तर म्हणाली, "बाई कुठं झिजली ती कळते. ही बघा, खांद्यावर विरलेय. डोक्यावरनं काय काय वाहिलां असेल तिनं."

हे मला आज आठवतंय. तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. खरं सांगायचं तर तिच्या या कामाला मी काम समजतच नव्हतो. घरात कपड्यांची बोचकी, पायाला टोचणाऱ्या टाचण्या, जेवणाच्या ताटात दोरा. मी चिडून म्हणायचो, "हा चिंध्यांचा पसारा आवर." एकदा तर तिच्या कापडाच्या कात्रीनं मी पत्र्याची पट्टी कापली. ज्यानं जन्मभर पोरांना हत्यारांची कदर करायला शिकवलं, त्यानं! ती ओरडली नाही. कात्री माझ्यासमोर धरली, उघडली, मिटली. खड्डा पडलेल्या जागी पाती अडली. "तुमची कानस मी भाकरी उलटायला घेतली तर चालेल काय?" एवढं बोलली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आठ वर्षांपूर्वी, सकाळची वेळ, ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. परात खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी आत गेलो, तर ती ओट्याला टेकून उभी आणि डावा हात अंगाशी लोंबतोय. स्वतःच्या हाताकडे ती परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. पंधरा दिवस दवाखान्यात काढले. पाय बराचसा सुधारला, काठीनं चालू लागली, बोलणंही शाबूत होतं. हात मात्र आला नाही. लोक भेटायला यायचे आणि समजूत घालायचे, "डावाच गेला, उजवा आहे ना! नशीब समजा." मीही तेच म्हणायचो. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

तीनचार महिने असे गेले असतील. एक दिवस मी बाजारातून आलो तर पडवीत भाभी उभ्या, त्यांच्या पायाशी सुनंदाची सगळी बोचकी. सुनंदा सांगत होती, "घेऊन जावा भाभी. तुमच्या उपयोगाला येतील." भाभींचे डोळे भरलेले. त्या म्हणाल्या, "काकी, उजवा हात धड आहे की तुमचा. सुई तर उजव्यानंच धरता." तेव्हा सुनंदानं एक कापडाचा तुकडा उचलला, मांडीवर ठेवला, उजव्या हातात सुई घेतली आणि टाका घालायला गेली. कापड सुईबरोबर सरकत गेलं आणि जमिनीवर पडलं. "बघितलांत? सुई कुणीपण धरील. कापड धरतो तो डावा. ताणतो तो, सरळ करतो तो. सुई बरोबर आली का तां खालनं बघतो पण तोच. गाठ मारायला दोरा कोण पकडतो? कात्रीफुडं कापड कोण सारतो?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणी त्याच्याकडं बघत नाय, इतकंच."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी बोचकी भाभींकडून परत आणली आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतला एक सी-क्लॅम्प घेऊन तिच्यासमोर टेबलाच्या कडेला आवळला, त्यात कापड अडकवलं. म्हटलं, "हा घे डावा हात." तिनं बघितलं. क्लॅम्पच्या दातांनी साडीला भोक पाडलं होतं. "अवो, तां कापड हाय, लोखंड नव्हं." पण कित्येक महिन्यांनी ती हसली होती. मी क्लॅम्पच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, स्क्रू काढून स्प्रिंग बसवली, म्हणजे एका हातानं दाबून उघडता येईल. तिसऱ्या प्रयत्नाला कापड न दुखता बसलं. तिनं त्यात चार टाके घातले. वेडेवाकडे. मी ते कापड अजून ठेवलंय.

तिथून माझी नवी नोकरी सुरू झाली म्हणा ना. सेवानिवृत्तीनंतर गंजत पडलेला माणूस मी, रोज सकाळी तिच्यासमोर वही घेऊन बसायचो आणि विचारायचो, आज काय अडलं? सुईत दोरा ओवणं अडलं होतं. शिल्पानं मुंबईहून एक पार्सल पाठवलं, त्यात डोक्याला खाच असलेल्या सुया होत्या. दोरा वरून दाबला की आत जातो. सुनंदाला त्या आवडल्या नाहीत, "दोरा कुरतडतात मेल्या." मग मी लाकडाच्या ठोकळ्यात बाटलीचं बूच बसवलं. सुई त्यात उभी खोचायची, तारेचा बारीक फासा नेढ्यातून घालायचा, फाशात दोरा अडकवून मागं ओढायचा. हे तिला एका हातानं जमलं. त्याच पार्सलमध्ये गोल पात्याचा कटर होता, पिझ्झा कापतात तसा, आणि खाली अंथरायला चौकड्या आखलेली हिरवी चटई. कटरला ती आधी भ्यायली. पण कात्रीसारखं कापड उचलावं लागत नाही, नुसतं फिरवायचं, हे कळल्यावर तिनं एका दुपारी तीन साड्या कापून काढल्या. कापड सरकू नये म्हणून ओळखीच्या लेथवर मी लोखंडाची चपटी वजनं कातून आणली, खाली फ्लॅनेल चिकटवलं. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला जुन्या स्पीकरचं चुंबक काठीच्या टोकाला लावलं. टाचण्यांच्या जागी कपड्यांच्या चिमट्यासारखे छोटे प्लास्टिकचे चिमटे आले. ते तर तिला इतके आवडले की पदरालाच चारपाच लावून फिरायची.

सुई मागून ढकलायला पितळेचा अंगुस्ताना करायचा होता, त्यासाठी मी व्हर्नियर घेऊन तिच्या मधल्या बोटाचं माप घेतलं. पेरापाशी, मुळापाशी, टोकापाशी. बोट माझ्या हातात होतं. टोकाला सुईच्या मागच्या बाजूनं पाडलेला खड्डा होता, चाळीस वर्षांचा, कातडं घट्ट होऊन शिंगासारखं झालेलं. मी म्हटलं, "हे दुखत नव्हतं?" ती म्हणाली, "आदी दुखायचां." मला पुढं आकडे लिहिता येईनात. वही मिटून मी उगाच बाहेर जाऊन आलो.

पण दुपटी, उशांच्या खोळी, पिशव्या यांवर तिचं समाधान होईना. तिला मोठी गोधडी शिवायची होती, ती पण शिल्पासाठी. त्यामागं एक जुनं दुखणं होतं. शिल्पाचं लग्न झालं तेव्हा सुनंदानं तिच्यासाठी गोधडी काढली होती, आणि पोर सहज बोलून गेली, "आई, तिकडे कुणी वापरत नाही गं, धुवायला जड होते." सुनंदानं ती गोधडी मुकाट्यानं दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. तिच्या आजारपणात शिल्पा येऊन राहिली तेव्हा आईच्या उशाशी बसून रडत म्हणाली, "मला एक करून दे ना गं..." आणि तेव्हा आईचा हात गेलेला.

म्हणून मी चौकट केली. दोन बाजूंना दोन पाइप, गोधडी त्यांच्यावर गुंडाळलेली, मधला हातभर भाग ताणून उघडा. एका पाइपाला सायकलच्या फ्रीव्हीलचा खटका, म्हणजे मूठ फिरवली की शिवलेला भाग गुंडाळला जाईल आणि खटका उचलल्याशिवाय उलटा सुटणार नाही. उंची तिच्या खुर्चीच्या मापानं. कापड आता हलत नव्हतं. तरी एक अडचण उरलीच. ताणलेल्या कापडात सुई सरळ खाली जाते, ती खालून पकडून परत वर पाठवायला कापडाखाली दुसरा हात लागतो. सुनंदानं सुई खाली घातली आणि थांबली. मी तिच्या समोर स्टूल घेऊन बसलो, हात कापडाखाली घातला आणि सुई ओढून वर पाठवली.

"कुठं पाठवलीत? गावच्या वेशीवर?" टाका बोटभर लांब झाला होता. तिनं तो उसवायला लावला. पुन्हा. पुन्हा उसवला. ज्या हातानं मी पोरांना एक दशांश मिलिमीटर मोजायला शिकवलं, त्या हाताला तांदळाचा दाणा मोजता येत नव्हता, कारण कापडाखाली दिसत काहीच नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांना इतकं टोचलं की भात कालवताना झोंबायचं. हळूहळू बोटाला कळायला लागलं. सुई खाली येण्याआधी कापड किंचित दबतं. तिथं बोट नेऊन ठेवायचं, सुई नखाला लागली की धरायची, दाण्याएवढं पुढं सरकायचं आणि वर पाठवायची. ती वरून, मी खालून. जेवण झालं की दुपारचे दोन तास आम्ही असे बसायचो. कधी ती माहेरचं सांगायची, कधी कुणाचीच काही गोष्ट नसायची, नुसती सुई जायची नि यायची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर मी बायकोसमोर रोज दोन तास बसायला शिकलो.

मग एकदा माझ्या छातीत कळ आली. दोन स्टेंट घातले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी नसाल तवा मी काय करू? माझ्या एकटीला जमेल असं कायतरी करा." मी म्हटलं, "मी कुठं चाललोय?" तर डोळ्यांत बघून म्हणाली, "करा म्हटलां ना."

गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे अर्धचंद्रासारखी वाकडी सुई असते. कापडाच्या एकाच बाजूनं ती आत जाते आणि त्याच बाजूला बाहेर येते, खाली हात लागत नाही. पण ती साडीला जाड पडत होती. मग मी बारीक सुई लाल करून पेन्सिलीएवढ्या सळईवर वाकवली आणि पाण्यात विझवली. पहिल्या टाक्याला काचेसारखी तुटली. विझवल्यावर पुन्हा निळसर रंग येईपर्यंत हलकी तापवायची, हे मी वर्गात हजारदा सांगितलेलं, आणि स्वतःच विसरलो. अकरा सुया मोडल्या. बारावी टिकली. सुनंदानं ती हातात घेतली, कापडात घातली, मनगट वळवलं आणि सुईचं टोक वर आलं. माझ्याशिवाय. तिनं एक पूर्ण ओळ घातली. मी समोर स्टुलावर बसून होतो, हात मांडीवर. चांगलं काम झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. मी उठलो आणि पेटी आवरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती चौकटीपाशी बसली आणि तिनं मला हाक मारली. मी गेलो तर तिच्या हातात सरळ सुई. "बसा."

"अगं, वाकडी केलीय ना तुझ्यासाठी?"

"ती तुमी नसाल तेव्हाची." वाकडी सुई तिनं डबीत ठेवून झाकण लावलेलं होतं. "आता हायसा ना? बसा मग."

ती डबी पुन्हा कधी उघडली गेली नाही.

गेल्या सहा वर्षांत आम्ही वाडीतल्या, नात्यातल्या किती गोधड्या शिवल्या ते मोजलं नाही. शिल्पाची मात्र ती सारखी पुढं ढकलायची. कारण तिला त्यासाठी टाके आपल्या जुन्या हातासारखे हवे होते. "अजून तुमचा हात बसला नाय," असं मला म्हणायची. यंदा दिवाळीनंतर एक दिवस खालून वर पाठवलेली सुई बघत म्हणाली, "आता काढूया पोरीची." आतल्या थरांना तिच्या स्वतःच्या वापरातल्या सुती साड्या, वर शिल्पाच्या लहानपणीच्या परकरांचं कापड. रोज दोनचार ओळी व्हायच्या. कडेकडून आम्ही आत येत होतो. साखरपुड्याला निघालो त्या सकाळी मधला वीतभर चौकोन उरला होता. मी म्हटलं, "आल्यावर संपवू."

मागच्या आठवड्यात शिल्पा परत मुंबईला जायला निघाली. बॅगा भरून झाल्या होत्या, गाडीला अवकाश होता. ती पडवीत चौकटीपाशी उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ही अशीच काढून देता? की..." मग तीच आईच्या खुर्चीत बसली. "मला येत नाही. पण तुम्हाला येतं ना?" मी म्हटलं, "मला फक्त खालची बाजू येते गं." खरंच तसं होतं. मी आयुष्यात एकही टाका वरून घातला नव्हता. कुठं घालायचा, ते मला कधी ठरवावं लागलं नव्हतं.

"मग मी वर बसते," शिल्पा म्हणाली. तिनं सुई घेतली. मी स्टूल ओढलं, हात कापडाखाली घातला. आईनं सोडलेल्या शेवटच्या टाक्यापासून दाण्याएवढं अंतर बोटानं आपोआप मोजलं आणि बोट तिथं नेऊन धरलं. वाट पाहत राहिलो. वर शिल्पा नाक ओढत होती, सुई कुठं टोचायची ते शोधत होती. मग कापड दबलं... माझ्या बोटापासून दोन इंच पलीकडे. सुई तिथं येऊन थांबली होती, कुणी धरेल म्हणून. मला ते कळत होतं, तरी हात हलेना. बोट होतं तिथंच राहिलं.

"बाबा," शिल्पा वरून म्हणाली, "मिळाली का?"